पेटीतला खालचा थर

पैठणी कशी पारखावी यावर लिहिलं, त्याला तुमची खूप पत्रं आली. त्यात ठाण्याच्या एका भगिनीचं पत्र मात्र मी बाजूला काढून ठेवलं. त्या लिहितात, "पैठणीची उलटी बाजू बघायला तुम्ही शिकवलंत. आता माझ्या मुलाला काही शिकवा. तो अमेरिकेत असतो. घर घ्यायचं सोडून पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीची मोटार घ्यायचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलंय. म्हणे ती 'मसल कार' आहे आणि अगदी ओरिजिनल आहे. किंमत ऐकून ह्यांचं ब्लडप्रेशर चढलं. ओरिजिनल आहे हे ओळखायचं कसं?"

पत्र वाचून आधी हसू आलं, मग पोटात कालवलं. कारण हाच प्रसंग गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत आमच्याच घरात घडला. माझा दादा मिशिगनमध्ये, डेट्रॉइटपासून तासाभराच्या अंतरावर राहतो. मी शाळेला सुट्टी लागली तशी त्याच्याकडे गेले होते. तिथे महिनाभर मी स्वयंपाक कमी केला आणि मोटारीच जास्त बघितल्या!

मसल कार म्हणजे काय, हे मलाही तिथेच कळलं. १९६४ साली पाँटिअ‍ॅक कंपनीने मध्यम अंगाच्या गाडीत मोठ्या गाडीचं दांडगं इंजिन बसवून 'जीटीओ' काढली. दिसायला बेताची, पण छातीत पहिलवानाचा दम. तरुण पोरं वेडी झाली. मग शेव्हर्ले, फोर्ड, डॉज, प्लिमथ अशा सगळ्यांनीच आपापले पहिलवान आखाड्यात उतरवले. हा खेळ जेमतेम आठ-नऊ वर्षं चालला. विम्याचे हप्ते वाढले, धुराचे कायदे कडक झाले आणि १९७३ च्या तेलटंचाईने उरलासुरला जोर काढून घेतला. म्हणूनच त्या मोजक्या वर्षांतल्या गाड्यांना आज सोन्याचे भाव आहेत. १९७१ ची एक उघड्या टपाची प्लिमथ 'हेमी कुडा' २०१४ साली सिअ‍ॅटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. अहो, डॉलर!

आमच्या दादाची उडी इतकी मोठी नव्हती. त्याचं मन जडलं होतं १९६९ च्या शेव्हर्ले कॅमॅरो झेड-२८ वर. त्या वेळच्या एका शर्यतीत ५ लिटरपेक्षा मोठं इंजिन चालत नसे, आणि शर्यतीत उतरवायची तीच गाडी लोकांनाही विकली पाहिजे असा नियम होता. म्हणून शेव्हर्लेने ३०२ घन इंचांचं खास इंजिन बसवून झेड-२८ काढली. १९६९ साली कॅमॅरो दोन लाखांच्या वर झाल्या. त्यात झेड-२८ वीस हजारांच्या आसपास.

मेख इथेच आहे. साध्या कॅमॅरोवर दोन रुंद पट्टे ओढले, बिल्ले डकवले, चाकं बदलली, की दिसायला तीही झेड-२८च. बिल्ले, बॉनेट, चाकं सगळं बाजारात नवं मिळतं. इतकंच काय, १९६९ च्या कॅमॅरोचा अख्खा सांगाडा नवाकोरा विकत मिळतो! दिसण्यात फरक शून्य आणि किमतीत हजारो डॉलर. मग मोह कोणाला होणार नाही?

दादाला दाखवलेल्या गाडीची मागणी होती ७२ हजार डॉलर. हे पैसे आमच्या आप्पांचे. आप्पा कारकून. जन्मभर सायकल चालवून तळेगावला जागेचा एक तुकडा घेऊन ठेवला होता. ते गेल्यावर तो विकून आम्हा भावंडांत वाटणी झाली. माझ्या वाट्यातून आमच्या फ्लॅटचं कर्ज फिटलं. दादाने आपला वाटा जपून ठेवला होता. त्यात पदरची थोडी शिल्लक घालून ही गाडी येणार होती.

वहिनी भांडी पुसता पुसता मला म्हणाली, "वन्सं, तुम्ही काही सांगा. मी बोलले की मी कंजूष ठरते."

मी दादाला एवढंच म्हटलं, "आप्पांना हे आवडलं असतं का, ते मी विचारत नाही. तुझे पैसे, तुझी हौस. पण आप्पा आंब्याची पेटी घेताना काय करायचे आठवतं ना? वरचे आंबे बाजूला ठेवून खालचा थर काढायला लावायचे. तू खालचा थर बघितलास का?"

दादा म्हणाला, "बघितलाय. नंबर जुळतात."

तिकडे हा मोठा मंत्र आहे. 'मॅचिंग नंबर्स' म्हणजे गाडीचा नंबर आणि इंजिनावरचा नंबर एकच. हा नंबर म्हणजे आपल्याकडची रस्त्यावरची पाटी नव्हे, तर कारखान्यात गाडीला दिलेला जन्माचा नंबर. १९६९ च्या गाडीत तो डॅशबोर्डवर, ड्रायव्हरच्या बाजूला, काचेतून दिसेल असा पत्र्याच्या पट्टीवर असतो. १९८१ पासूनच्या गाड्यांना सतरा अक्षरी नंबर आहे. आपल्या कॅमॅरोला तेराच अक्षरं: १२४३७९एल आणि पुढे सहा आकडे. दादाने मला कागदावर फोड करून दाखवली. पहिला १ म्हणजे शेव्हर्ले. २४ म्हणजे आठ सिलिंडरची कॅमॅरो. ३७ म्हणजे बंद टपाची, दोन दारांची. ९ म्हणजे १९६९ साल. एल म्हणजे लॉस एंजेलिसजवळचा व्हॅन नाइसचा कारखाना, जो १९९२ साली बंद झाला. उरलेले सहा आकडे म्हणजे हजेरीपटावरचा नंबर.

मी विचारलं, "यात झेड-२८ कुठाय?"

दादा गप्प. कारण ते त्यात नसतंच! साधी आठ सिलिंडरची कॅमॅरो आणि झेड-२८ या दोघींच्या नंबराची सुरुवात एकसारखीच. पत्रिकेत जन्मगाव आणि वेळ असते, पण मुलगा पुढे काय शिकला ते नसतं, तसंच हे.

"पण इंजिनावर आहे ना!" दादा म्हणाला. ते खरं होतं. इंजिनाच्या पुढच्या अंगाला एक छोटी सपाट जागा असते. तिथे इंजिन कोणत्या तारखेला जुळवलं, कोणत्या जातीचं आणि कोणत्या गाडीसाठी हे ठोकलेलं असतं. १९६९ च्या झेड-२८ ची जात 'डीझेड'. दादाने फोटोच दाखवला. तारीख फेब्रुवारीची, पुढे डीझेड आणि गाडीच्या नंबराचं शेपूट अगदी बरोबर. आणखी काय हवं?

वहिनीने मात्र हट्टच धरला की तिऱ्हाईत तपासनीस आणायचा. तिकडे जुन्या गाड्या तपासून देणारी माणसं असतात, काहीशे डॉलर घेतात. दादाला हा फुकटचा खर्च वाटला. शिवाय त्याला संकोच होता. गाडी होती सत्तरी ओलांडलेल्या एका आजीबाईंची. यजमान जाऊन वर्ष झालं होतं. दादा पहिल्यांदा गेला तेव्हा त्यांनी त्याला हातचा केक खायला घातला होता. "एवढ्या सज्जन बाईच्या दारात चोर पकडायला आल्यासारखं माणूस न्यायचं?" असं तो म्हणत होता. अखेर वहिनीने स्वतःच्या पैशातून तपासनीस ठरवला.

शनिवारी आम्ही सगळे गेलो. आजीबाईंनी गॅरेजचं दार वर केलं. आत निळीशार गाडी, वर पांढरे पट्टे. खरं सांगते, मलाही भुरळ पडली! आजीबाई टपावरून हात फिरवून म्हणाल्या, "ह्यांची झेड-२८. कॅलिफोर्नियाची आहे, मीठ लागलेलं नाही." हिवाळ्यात मिशिगनच्या रस्त्यांवर बर्फ वितळायला मीठ टाकतात आणि गाड्या खालून कुजतात. म्हणून तिथे कॅलिफोर्नियाच्या गाडीचा मान मोठा.

तपासनीस अबोल होता. त्याच्या पिशवीत बॅटरी, हातआरसा आणि फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक. चुंबक त्याने दारांच्या खालच्या कडांवरून आणि मागच्या चाकांभोवती हळूहळू फिरवलं. पत्रा असेल तिथे ते चिकटतं. गंज खरवडून जाड लांबी भरलेली असेल तिथे निसटतं. एका चाकाजवळ निसटलं. "फार नाही," तो म्हणाला.

मग त्याने बॉनेट उघडलं आणि इंजिनावरच्या त्या सपाट जागेवर बॅटरीचा तिरपा झोत टाकला. बराच वेळ बघत राहिला. कारखान्यात ती जागा मशीनवर तासली जाते, तेव्हा तिच्यावर केसासारख्या बारीक, एका दिशेने जाणाऱ्या रेघा उठतात. इथे ती जागा गुळगुळीत होती. कोणीतरी पूर्वी घासली असावी. पण गंजाने किंवा पॉलिशनेही रेघा जाऊ शकतात, म्हणून तो काही बोलला नाही. त्याने मला फक्त विचारलं, "आरसा धराल का?"

इंजिनाचा ठोकळा ज्या दिवशी ओततात, ती तारीख ओतातच उमटवलेली असते. ती मागच्या बाजूला, गिअरबॉक्स जोडतात तिथल्या कडेवर असते. जागा इतकी अडचणीची की सहसा कोणी बघत नाही आणि खोडायलाही कोणी जात नाही. मी आरसा धरला. अक्षरं अर्थातच उलटी दिसत होती. पण पाटीवर उलटी अक्षरं काढणारी मुलं मी रोज बघते! मी वाचलं, "एफ, अकरा, नऊ."

"नऊ म्हणजे १९६९, अकरा तारीख. आणि एफ म्हणजे महिना," तो म्हणाला. "ए म्हणजे जानेवारी."

मी बोटांवर मोजलं. बी फेब्रुवारी, सी मार्च, डी एप्रिल, ई मे, एफ जून.

इंजिन आणि बसायची जागा यांच्या मधल्या पत्र्यावर गाडीच्या सांगाड्याची एक पट्टी असते. तिच्यावर '०२सी' होतं. दुसरा महिना, तिसरा आठवडा. म्हणजे गाडी फेब्रुवारीत तयार झाली आणि तिच्यातलं इंजिन जूनमध्ये ओतलं गेलं!

कोणी काही बोललं नाही. तपासनिसाने मग हीटरच्या पेटीजवळचा काळा रंग नखाने खरवडला. खाली वेल्डिंग केलेलं ठिगळ होतं. तिथे पूर्वी कारखान्याची एसी होती. आणि झेड-२८ ला कंपनी एसी देतच नसे.

तो दादाला शांतपणे म्हणाला, "पन्नास वर्षांत इंजिन बदलणं हे काही पाप नाही, इंजिनं बदलावीच लागतात. पण दुसऱ्या इंजिनावर या गाडीचा नंबर ठोकणं आणि फेब्रुवारीची तारीख ठोकणं, हे कुणीतरी विचार करून केलंय."

दादाला तिथून निघायची घाई झाली. पण आजीबाई समोर उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "काय निघालं?" वहिनीने सगळं नीट, हळू आवाजात सांगितलं. त्या आत गेल्या आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आल्या. यजमानांनी गाडी घेतली तेव्हाची पावती त्यात होती. विकणाऱ्याने तिच्यावर स्वच्छ 'झेड-२८' लिहिलं होतं आणि किंमतही तशीच लावली होती. म्हणजे त्यांचे यजमान फसवणारे नव्हते, फसलेले होते. आजीबाईंनी पावती घडी करून परत डब्यात ठेवली. म्हणाल्या, "बरं झालं, त्यांना कळलं नाही."

मैत्रिणींनो, त्या शनिवारी आमचे हजारो डॉलर वाचले, हे खरं. पण त्या आरशातून आपण नकळत एका बाईच्या नवऱ्याची परीक्षा घेतली, असं मला परतीच्या वाटेवर वाटत राहिलं. मी तसं म्हटलं, तर वहिनी म्हणाली, "न बघता घेतली असती, तर उद्या हाच डबा माझ्या हातात असता." यावर मला उत्तर सुचलं नाही.

दादा दोन दिवस रुसला. तपासनिसाचा अहवाल मात्र त्याने स्वतः नेऊन आजीबाईंना दिला. त्यांनी जाहिरात बदलली. झेड-२८ सारखी सजवलेली साधी कॅमॅरो, असं खरं खरं लिहून गाडी वाजवी भावात एका तरुणाला विकली. ती गाडी काही वाईट नव्हती, बरं का! अशा नकलेला तिकडे 'क्लोन' म्हणतात. क्लोनच्या भावात क्लोन घेण्यात कसलाच कमीपणा नाही. एक ग्रॅमचे दागिने आपणही हौसेने घालतोच की. फक्त ते सोन्याच्या भावात घ्यायचे नाहीत, इतकंच.

आता ठाण्याच्या भगिनीच्या चिरंजीवांसाठी मुद्द्यांचं सांगते. हे कात्रण त्यांना जरूर पाठवा.

१. आधी कागद बघा. मालकीच्या कागदावरचा नंबर आणि डॅशबोर्डवरचा नंबर अक्षरन् अक्षर एक हवा. जनरल मोटर्सच्या त्या काळातल्या पट्टीचे रिव्हेट फुलाच्या पाकळ्यांसारखे असतात. ते साधे गोल दिसले, पट्टी हललेली किंवा आजूबाजूला ओरखडे दिसले, तर गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नका. तो नंबर खोडणं वा बदलणं हा तिकडे केंद्र सरकारचा गुन्हा आहे. त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि गाडीही जप्त होऊ शकते.

२. नंबर काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे गाडीगणिक वेगळं असतं. पाँटिअ‍ॅक जीटीओ १९६६ ते १९७१ मधली असेल, तर नंबर २४२ ने सुरू झालाच पाहिजे. १९६४ आणि १९६५ ची असेल, तर मात्र नंबरावरून जीटीओ कळत नाही. १९७० च्या शेव्हर्ले शेव्हेल 'एसएस'चंही नंबरावरून कळत नाही. फोर्डच्या नंबरात पाचवं अक्षर इंजिनाचं असतं. डॉज-प्लिमथमध्येही पाचवंच. १९७० किंवा १९७१ ची हेमी असेल, तर तिथे 'आर' हवा.

३. जन्माचा दाखला मागा. पाँटिअ‍ॅकसाठी 'पाँटिअ‍ॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस' कंपनीच्या जुन्या बिलाची नक्कल देते. १९६७ पासूनच्या फोर्डसाठी 'मार्टी रिपोर्ट' मिळतो. अमेरिकेत विकलेल्या त्या काळच्या शेव्हर्लेची अशी गाडीवार नोंद मात्र मागवता येत नाही. म्हणून शेव्हर्लेच्या बाबतीत जुने कागद म्हणजे सोनं. पहिल्या विक्रीचं बिल, वॉरंटीच्या पुस्तकातली 'प्रोटेक्ट-ओ-प्लेट' नावाची धातूची पट्टी आणि कारखान्यातला 'बिल्ड शीट'चा कागद शोधा. हा कागद कधी मागच्या सीटच्या स्प्रिंगांत, तर कधी पेट्रोलच्या टाकीवर अडकलेला सापडतो. पण कागदांच्याही नकला होतात. नव्या शाईचा जुना कागद दिसला की सावध व्हा.

४. सगळ्या तारखा एका ओळीत मांडा. आधी भाग ओतला जातो, मग इंजिन जुळतं, मग गाडी तयार होते. हा क्रम कुठेही उलटा झाला की थांबा. ठोकलेला नंबर नवा करता येतो, ओतलेली तारीख बदलणं अवघड.

५. जे असायलाच नको, ते शोधा. १९६९ च्या झेड-२८ ला कंपनीची एसी नाही, ऑटोमॅटिक गिअर नाही आणि उघडं टपही नाही. पुढे डिस्क ब्रेक हवेत. मागच्या धुऱ्याच्या झाकणाला बारा बोल्ट हवेत, दहा नव्हेत. ओहायोतल्या नॉर्वुडच्या कारखान्यात डिसेंबर १९६८ नंतर झालेली झेड-२८ असेल, तर सांगाड्याच्या पट्टीवर एक्स-३३ किंवा एक्स-७७ ही खूण हवी. आमच्या त्या गाडीसारखी व्हॅन नाइसची असेल, तर ही खूण नसतेच. आणि या पट्ट्याही नव्या करून मिळतात, तेव्हा एकट्या पट्टीवर भिस्त ठेवू नका.

६. तपासनीस आपण ठरवलेला हवा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. बयाणा दिलाच, तर 'तपासणीत खोट निघाल्यास परत' असं लिहून घ्या.

आणि सातवं माझं स्वतःचं. विकणारा माणूस चांगला आहे, एवढ्यावर वस्तू खरी ठरत नाही. खोटी वस्तू खऱ्या माणसाच्या घरात वर्षानुवर्षं सुखाने नांदू शकते. म्हणून तपासताना संकोच करू नका आणि खोट निघाली तर आवाजही चढवू नका.

दादा अजून झेड-२८ शोधतोय. पैसे बँकेत आहेत. परवा फोनवर सांगत होता की गाडीत आता कायम एक हातआरसा असतो. वहिनी मागून म्हणाली, "माझाच आहे तो!"

पुढच्या अंकात साबुदाण्याच्या चिकवड्या वाळवताना का फुटतात, ते बघू. उन्हं तापायच्या आत लिहीन म्हणते.